चौदापैकी तीन

अमेरिकेत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. पण त्या देशाच्या साहित्याची चारशे वर्षं बडोद्यात बसून मी एकतीस वेळा संपवलीत. पूर्वी त्याला अख्खं वर्ष मिळायचं, सेमिस्टर आल्यापासून तेच चार महिन्यांत उरकायचं. आमच्या समा भागातल्या सोसायटीत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे, त्यामुळे मी 'अमेरिका शिकवते' याचा बायकांना भलताच आदर. शेजारच्या बेननी एकदा व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात ते मला विचारलं होतं. मी म्हटलं, बेन, मी तिकडच्या मेलेल्या लोकांचं शिकवते, जिवंतांचं मला काही ठाऊक नाही. त्यांना ते काही पटलं नाही, मी मुद्दाम सांगत नाहीये असंच त्यांना वाटलं असावं.

एम.ए.च्या शेवटच्या सेमिस्टरला माझा पेपर असायचा: अमेरिकन साहित्यातल्या प्रमुख चळवळी. नोकरीला लागले त्या वर्षी मी स्वतः खपून नोट्स काढल्या होत्या. बेचाळीस पानं. सात चळवळी, प्रत्येकीची पार्श्वभूमी, पाच वैशिष्ट्यं, प्रमुख लेखक, मर्यादा. देवाला भिऊन रोजनिश्या आणि प्रवचनं लिहिणारे प्युरिटन, मग बुद्धीवर भिस्त ठेवणारे, मग रानावनात आत्मा शोधणारे स्वच्छंदतावादी, यादवी युद्धानंतर डोळे उघडलेले वास्तववादी, माणूस परिस्थितीपुढे हतबल आहे म्हणणारे निसर्गवादी, पहिल्या महायुद्धानं मोडून पडलेले आधुनिकतावादी आणि शेवटी सगळ्यावरचा विश्वास उडालेले उत्तर-आधुनिक. काळ्या लेखकांचं हार्लेममधलं नवजागरण मी आधुनिकतेच्या पोटात दीड पानात बसवलं होतं, कारण सात हा आकडा मला सोयीचा वाटला.

त्या नोट्स पुढे माझ्यापेक्षा जास्त फिरल्या. रावपुऱ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्यांची मूळ प्रत होती, आणि दुसऱ्या कॉलेजांतली पोरंही तिथे जाऊन 'बेनच्या नोट्स' मागायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? आमच्या घरात दोन पिढ्या संस्थानच्या शिक्षणखात्यात गेल्या. लिहिलेलं नीट, मुद्देसूद आणि तपासायला सोपं असावं, हे मला लहानपणापासून अन्नासारखं मिळालेलं.

तपासणीची आमची रीतही सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला. परीक्षा झाली की मे महिन्यात सगळ्या कॉलेजांच्या उत्तरपत्रिका एका हॉलमध्ये एकत्र आणतात. नाव काढून टाकलेलं, वर नुसता कोड. कुणाचा गठ्ठा कुणाला येईल याचा नेम नाही. तपासणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मुद्द्यांचा एक कागद असतो, म्हणजे चौदा गुणांच्या प्रश्नाला कशाकशाचे गुण द्यायचे ते सगळ्यांचं सारखं राहतं. या पेपरचा कागद गेली कित्येक वर्षं मीच करून देत होते. सात चळवळी, प्रत्येकीला दोन गुण. कूलरसमोरची जागा धरायची, लाल पेन उघडायचं आणि दिवसाला चाळीस पेपर हातावेगळे करायचे. त्यात वाचणं असं फारसं नसतं. मुद्दा दिसला की बरोबरची खूण, नाही दिसला की पुढे.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. तीस जूनला मी निवृत्त होणार होते. निकाल लागल्यावर एका बुधवारी सकाळी माझी एक विद्यार्थिनी घरी आली. दांडिया बाजारात राहणारी, मराठीच. मागे घरातलं कुणीतरी संस्थानच्या घोडदळात होतं, आता वडील मकरपुऱ्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. मैत्रिणींशी गुजराती, फळ्यासमोर इंग्रजी आणि कॉरिडॉरमध्ये माझ्याशी हळू आवाजात मराठी. वर्गात तिनं कधी हात वर केलेला मला आठवत नव्हता.

तिला कॉलेजात शिकवायचं होतं. त्यासाठी पात्रता परीक्षेला बसायचं, तर एम.ए.ला पंचावन्न टक्के लागतात. तिचे सहा गुणांनी हुकले होते. बाकी सगळ्या पेपरांत चांगले गुण, फक्त माझ्या पेपरात आपटी. वडिलांनी त्यांच्या कारखान्यात रिसेप्शनची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवायला सांगितली होती. पंचावन्न झाले तर त्यांचं काही म्हणणं नव्हतं, पुढे शीक म्हणत होते. नाही झाले तर एक तारखेपासून ती त्या टेबलाशी बसणार होती. तिनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली होती, तिचे प्रिंट काढून आणले होते. पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. "मॅडम, तुम्ही एकदा वाचून सांगा. भरण्यासारखं आहे का?" एवढंच तिचं म्हणणं.

मी चष्मा लावला, कागद हातात घेतले. ते लाल अक्षर माझं होतं. बरोबरच्या खुणेची शेपटी लांब ओढायची मला खोड आहे, नवऱ्यानं त्यावरून मला आयुष्यभर चिडवलंय. शेवटी गोल करून चौदापैकी तीन. आणि एका वाक्याखाली रेघ मारून समासात इंग्रजीत एकच शब्द: विषयबाह्य. पोरीला मात्र ते अक्षर ओळखीचं असण्याचं कारण नव्हतं. वर्गात मी टाइप केलेल्या नोट्स सांगायची, फळ्यावर काय ते चार शब्द. लाल पेनातलं माझं लिहिणं तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं.

मग मी ते उत्तर वाचलं. म्हणजे तेव्हा पहिल्यांदा वाचलं. प्रश्न नेहमीचाच होता, प्रमुख चळवळींचा आढावा घ्या. तिनं सुरुवात केली होती ती तिच्या घरातल्या पत्रांपासून. पणजोबा घोडदळात होते, त्यांचं एक पत्र घरात आहे. देवापासून सुरू होतं, देवापाशी संपतं आणि मध्ये माणूस कुठेच नाही. सगळं बरं-वाईट त्याच्या इच्छेवर. यावरून तिनं प्युरिटन रोजनिश्या समजावल्या होत्या. आजोबांनी आजीला माहेरी लिहिलेल्या पत्रात आधी विश्वामित्रीचा पूर, मग झाडं, मग आभाळ आणि सगळ्यात शेवटी तुझी आठवण येते. तिथे स्वच्छंदतावाद. वडिलांनी कारखान्याला केलेले अर्ज: इतक्या वाजता मशीन बंद पडलं, इतक्या जणांना लागलं. वास्तववाद, आणि तो वास्तववाद निसर्गवादाकडे कसा कलतो, हेही त्याच अर्जावरून. आणि तिचे स्वतःचे फोनवरचे मेसेज, अर्धं वाक्य मराठी, पाव गुजराती, उरलेलं इंग्रजी, पूर्ण एकही नाही. तिथे ती आधुनिकतेवर आली होती. प्रत्येक ठिकाणी अमेरिकन उदाहरण होतं, नेमकं होतं. फक्त माझ्या सात खणांत ते बसत नव्हतं. एकतीस वर्षांत या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर मी पाहिलं नव्हतं, आणि ते मी अडीच मिनिटांत निकालात काढलं होतं.

सगळ्यात कहर पुढे होता. विषयबाह्य असं लिहून मी ज्या वाक्याखाली रेघ मारली होती, ते वाक्य माझंच होतं. फेब्रुवारीत एकदा लाइट गेले, पंखे थांबले, निम्मा वर्ग उठून शेव-उसळ खायला पळाला. उरल्या सात-आठ जणांसमोर नोट्स वाचायचा मला कंटाळा आला. मी नोट्स मिटल्या आणि सहज बोलत बसले, की ही नावं मागाहून आपल्यासारख्या मास्तरांनी दिलीत. लिहिणाऱ्याला एवढंच कळतं की आधीच्यांची भाषा आपल्या तोंडात बसत नाही. चळवळ म्हणजे ते न बसणं. असं काहीतरी. पंधरा मिनिटांनी लाइट आले आणि मी परत मुद्दा क्रमांक तीनवर गेले. पोरीनं ते लिहून घेतलं होतं. नुसतं लिहून घेतलं नव्हतं, त्यावर घर बांधलं होतं, आणि मी माझ्याच वाक्याखाली लाल रेघ ओढली होती.

ती समोर बसली होती. पाण्याचा ग्लास तिनं हातातही घेतला नव्हता. त्या वेळी मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"नको भरूस. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होतात. पुढच्या वर्षी सुधारणेला बस."

ती बरं म्हणाली. कागद पिशवीत घातले, वाकून नमस्कार केला आणि गेली.

हे मी का केलं, तर घाबरले म्हणून. आमच्याकडे नियम आहे, पुनर्मूल्यांकनात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक निघाला की पहिल्या परीक्षकाला पत्र येतं, खुलासा द्यावा लागतो. आदल्या वर्षी एका सहकाऱ्याला असं पत्र आलं होतं, तर मीटिंगमध्ये त्याचं नाव वाचून दाखवलं आणि पुढचे सहा महिने तो मान खाली घालून स्टाफरूममध्ये बसला. माझी निवृत्तीची फाइल टेबलाटेबलावरून सरकत होती, त्यात असलं पत्र मला नको होतं. वर मीच त्या पेपरची मुख्य परीक्षक. पोरीचं आयुष्य एका पारड्यात आणि माझे शेवटचे अठरा दिवस दुसऱ्यात, आणि मी कुठलं पारडं धरलं ते तुम्ही वाचलंतच.

नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत होता, त्याला सगळ्यात सुटसुटीत वाट दिसते. तो म्हणाला, नियमात काही चुकलेलं नाही, मुद्द्यांप्रमाणे गुण दिलेस, मग एवढं काय? त्याच्या या शहाणपणाचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. राग त्याचा नव्हताच. तो बोलत होता ते माझं आधीच स्वतःशी दहादा घोकून झालं होतं.

गुरुवारी कॉलेजात गेले तर ऑफिसातल्या क्लार्कनं हसून सांगितलं, बेन, तुमची फाइल एकदम चोख्खी आहे, तुमच्या नावावर काही बाकी नाही. शुक्रवारी निरोपसमारंभाची तयारी करणाऱ्या मुली माझा फोटो मागायला आल्या. मला जेवण जाईना. जेवायला बसलं की ते पणजोबांचं पत्र आठवायचं, आणि आपण त्यावर काय शेरा मारला तेही. मला माझीच शिसारी आली होती.

शनिवारी दुपारी तीनला रिक्षा केली आणि दांडिया बाजार गाठला. पत्ता कॉलेजच्या रजिस्टरमधून घेतला होता. एका देवळाशेजारच्या बोळात, खाली चपलांचं दुकान, वर त्यांचं घर. दार तिच्या आईनं उघडलं. मी कोण ते कळल्यावर बाईंची धांदल उडाली. या ना मॅडम, बसा, तुमच्या पायांनी आलात, आमच्या पोरीचं नशीब, असं चाललं होतं त्यांचं. मला पंख्याखाली बसवलं, चहा ठेवायला आत गेल्या आणि आतूनही बोलत होत्या, की वर्गात तुम्ही बोललेलं ही रोज घरी येऊन सांगते, त्या पेट्यांमधली जुनी पत्रं पण हिनं तुमच्यामुळेच काढली, तुमचे फार उपकार आहेत. मी गच्च बसून ऐकत होते. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुलगी समोर येऊन बसली. आई चहा गाळत होती तेवढ्यात मी बोलून टाकलं. "तुझा पेपर मी तपासलाय. ते तीन गुण मी दिलेत."

मी पुढे सांगत गेले, की कोडमुळे कळलं नाही, की घाईत होते, की उत्तर फार चांगलं आहे, नऊ-दहाच्या खाली त्याला गुण नाहीत. माझं सगळं बोलून झाल्यावर तिनं मान वर केली.

"मग बुधवारी नको भरूस म्हणालात, ते माझ्यासाठी नव्हतं."

विचारलं नाही तिनं. सांगितलं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी नाही म्हटलं. म्हणजे, नव्हतं, असं म्हटलं. एवढं खरं बोलायला मला तीन दिवस लागले होते.

आई चहा घेऊन बाहेर आल्या. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, काय झालं ग? मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईला म्हणाली, काही नाही, मॅडम फॉर्म भरून द्यायला आल्यात. मला वाचवायची तिला काही गरज नव्हती.

फॉर्म तिच्या फोनवर भरला. साइट दोनदा अडकली, ओटीपी येता येईना, साडेचार वाजून गेले होते. मी शेजारी बसून कोड नंबर वाचून दाखवत होते. पावणेपाचला तो गेला. निघताना मी तिला म्हटलं की मला पत्र आलं तर येऊ दे, खुलासा मी आनंदानं देईन. ते अगदी मनापासून बोलले होते. जिना उतरताना तीन दिवसांनी मोकळा श्वास घेतला. बोळाच्या तोंडाशी उभी राहून उसाचा रस प्यायले, एकटीच.

तीस जूनला निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, माझ्या नोट्सचं कौतुक. दुसऱ्या दिवशी ती मुलगी कारखान्यात रिसेप्शनला रुजू झाली, पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागेपर्यंतच म्हणून.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. एक गुण वाढला होता. चौदापैकी चार.

मला खरंच वाटेना. मी परीक्षा विभागात फोन केला, तिथले गुजराती साहेब माझ्या ओळखीचे. मी तावातावानं म्हटलं, कुणी तपासला हा पेपर, डोळे मिटून तपासला का? त्यांनी शांतपणे सांगितलं की दुसऱ्या परीक्षकालाही उत्तरपत्रिकेबरोबर मुद्द्यांचा कागद जातो, आणि त्या कागदाप्रमाणे चारच होतात. मी म्हटलं, मग कागद चुकलाय. ते म्हणाले, "पण मॅडम, मुद्दे तर तुम्हीच दिले होते ने?"

मी पत्र लिहिलं. सविस्तर, तीन पानी, की मुद्द्यांबाहेरच्या चांगल्या उत्तराची सोय त्या कागदात मी ठेवली नाही, ही माझी चूक आहे, या उत्तराचा पुन्हा विचार व्हावा. उत्तर आलं ते दोन ओळींचं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल अंतिम असतो. आणि फरक फक्त एका गुणाचा, तेव्हा मला खुलाशाचं पत्र यायचा प्रश्नच उद्भवला नाही. माझे कागद वेळेवर निघाले. फाइल शेवटपर्यंत चोख्खी राहिली.

मुलीला फोन करायचं धाडस मला झालं नाही. दिवाळीनंतर ती आपणहून आली. कामावरून परस्पर आली होती, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच. बारीक झाली होती. तिनं सांगितलं की एप्रिलमध्ये माझ्याच पेपरला सुधारणेसाठी पुन्हा बसणार आहे, सुट्टीचं बोलून ठेवलंय. मला इतका आनंद झाला की मी उठून तिचा हात धरला. म्हटलं, बस तू, मी तयारी करून घेते, काय हवं ते सांग.

ती म्हणाली, झेरॉक्सवाल्याकडची प्रत फार पुसट आलीय, मधली पानं वाचताच येत नाहीत. मूळ नोट्स द्याल का?

मी कपाटातून काढून दिल्या. बेचाळीस पानं. तिनं तिथेच उभ्या उभ्या चाळल्या, सात मथळे बोटानं मोजले.

"मॅडम, या वेळी असंच लिहीन. घरचं काही लिहिणार नाही."

एप्रिलच्या पेपरला मुद्द्यांचा तोच कागद जाणार होता. तिला पाच गुण हवे होते.

"घरचं काही नको लिहूस," मी म्हणाले.